खूण बुडाली

बाबा,

तुम्हाला एकच विचारायचं आहे. दूधवाल्या मावशीने दुधात पाणी घातलं नव्हतं, हे तुम्हाला कधी कळलं? कळलं की नाही असं मी विचारत नाही, कधी ते विचारते आहे. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, त्यामुळे उत्तराची घाई नाही. पण प्रश्न तुमच्याच पद्धतीने विचारते, म्हणजे समोरच्याला पळवाट राहू नये असा. भाजीवाल्याला तुम्ही असंच विचारायचात. ‘वांगी किडकी आहेत का’ असं नाही, ‘यातली किडकी किती’ असं. आई बाजूला उभी राहून पदराने तोंड झाकायची आणि भाजीवाला खरोखरच दोन वांगी काढून बाजूला ठेवायचा.

आपल्या घरात संशयाला संशय म्हणत नसत, ‘पाहून घेणं’ म्हणत. सिलिंडर आला की तुम्ही तो ताणकाट्याला टांगून पाहून घ्यायचात. शिंप्याकडून शर्ट आला की उलटा करून शिलाई पाहून घ्यायचात. आईची बहीण चार दिवस राहायला येते म्हणाली की ती काहून येऊन राहिली असेल, हे आईला आधी विचारून घ्यायचात. लोक वाईट असतात असं काही तुमचं म्हणणं नव्हतं. ‘माणूस चांगलाच असतो, फक्त त्याच्यासमोर माप ठेवायचं,’ असं तुम्ही म्हणायचात, आणि सरकारी कचेरीत जन्मभर लोकांचे अर्ज तपासणाऱ्या माणसाने असं म्हणावं यात नवलही नव्हतं. मी तुमचीच लेक. आमच्या बेसा वस्तीतल्या फ्लॅटमध्ये पाण्याचा टँकर आला की मी टाकीत काठी घालून पाहते. नवरा म्हणतो, तू देवाचा प्रसादही हुंगून खातेस. खाते, मग? शाळेत आठवीला विज्ञान शिकवते, तिथे पाहून घेणं हाच धडा असतो, त्यामुळे खोड खपून जाते.

लॅक्टोमीटर तुम्ही बर्डीच्या बाजारातून आणलात, शाळांना प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या एका दुकानातून. मी सातवीत होते. काचेची नळी, खाली फुगा, फुग्यात छर्रे, वर बारीक दांडी आणि दांडीच्या आत खुणांची कागदी पट्टी. तुम्ही ती मला समजावून सांगितलीत आणि आजही मी मुलांना जवळजवळ तुमच्याच शब्दांत सांगते. चांगल्या दुधात ही नळी दुधाच्या खुणेपर्यंतच बुडते, कारण दूध पाण्यापेक्षा थोडं जड असतं, ते तिला उचलून धरतं. पाणी घातलं की दूध हलकं होतं, नळी आणखी खाली जाते आणि खूण दिसेनाशी होते. ‘दूध का दूध, पानी का पानी,’ असं म्हणून तुम्ही नळी कापसात गुंडाळून परत डबीत ठेवलीत. आईच्या मंगळसूत्रालाही तुम्ही इतक्या हलक्या हाताने कधी उचललं नसेल.

मावशी तेव्हा हुडकेश्वरहून यायची. तिकडे तेव्हा शेतं होती, गोठे होते. तिच्या तीन म्हशी. सकाळी धार काढली की ॲल्युमिनियमची कॅन डोक्यावर घेऊन ती मानेवाडा रोडवरच्या आपल्या गल्लीत यायची, तेव्हा दूध अजून कोमट असायचं आणि त्यावर फेस असायचा. आई त्या दुधावर खूश होती. ‘हिचं दूध कसं दाट आहे पहा, साय भाकरीसारखी येते,’ असं ती शेजारणींना दाखवायची. तुम्ही तो शब्द पकडलात. ‘दाट म्हणजे घनता जास्त. घनता जास्त तर नळी वर राहिली पाहिजे. पाहून घेऊ ना.’ या वाक्यात एक चूक होती, बाबा, आणि ती मराठी माणसानेच करावी अशी आहे. आपण घन आणि दाट एका श्वासात म्हणतो. जंगलसुद्धा आपल्याला घनदाट लागतं. पण वरण दाट होणं वेगळं आणि घनता वेगळी. दाटपणा जिभेला कळतो, पळीला कळतो. घनता म्हणजे ठरावीक जागेत किती द्रव्य मावलं आहे, वस्तुमान भागिले आकारमान, आणि ते जिभेला मुळीच कळत नाही. साय जिभेला दाट लागते आणि असते पाण्यापेक्षा हलकी, म्हणून तर ती वर येते. ज्या दुधात साय भरपूर, ते दूध नळीला उलट कमीच उचलतं. त्यातून ते कोमट असलं, फेसाळ असलं, तर अजून कमी. म्हणजे मावशीच्या दुधाचा जो जो गुण होता, तो तो त्या नळीसमोर तिच्या विरुद्ध साक्ष देणार होता.

तो रविवार होता. गल्लीतल्या चार-पाच बायका दुधासाठी आपापले गडवे घेऊन दारात उभ्या आहेत. तुम्ही कॅनमधूनच दूध काढायला लावता, उंच पेल्यात ओतता आणि नळी अलगद सोडता. मग मला पुढे करता. ‘तू वाच. मी वाचलं तर लोक म्हणतील, आधीच ठरवून आला.’ मी उकिडवी बसते, शिकवल्याप्रमाणे डोळा दुधाच्या पातळीला आणते, बोटाने फेस बाजूला करते. नळी डोलते आणि थांबते. खूण दिसत नाही. मी पुन्हा पाहते आणि मोठ्याने म्हणते, ‘बाबा, खूण बुडाली.’

मावशीला आधी समजलंच नाही. ‘काय बुडालं?’ म्हणून ती माझ्याकडे हसून पाहत होती. तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, ‘बाई, पाणी आहे तुमच्या दुधात.’

‘पानी? माह्या दुधात? काहून असं बोलून रायले साहेब? धार काढल्यावर म्या झाकन तरी उघडलं का?’

‘मी नाही बोलत. नळी बोलून राहिली.’

‘नळीले काय समजते? नळीनं धार काढली का?’

बायका हसल्या. ते हसू तुम्हाला लागलं, मला दिसलं. तुम्ही म्हणालात, ‘पोरगी खोटं बोलणार आहे का? तिचं तुमच्याशी काही वाकडं आहे?’ तेव्हा मावशी माझ्याजवळ येऊन खाली बसली. तिच्या लुगड्याला गोठ्याचा वास होता. ‘माय, तू पाह्य वं पुन्हा. नीट पाह्य.’ मी नीट पाहिलं. खूण बुडालेलीच होती, आणि मी तसं सांगितलं. मी खोटं बोलले नाही, बाबा. जन्मभर मी स्वतःला हेच ऐकवत आले आहे. ज्या बायका हसल्या होत्या त्यांनीच दुसऱ्या दिवशी दारं लावून घेतली. आठवड्याच्या आत गल्लीत तिचं एकही घर उरलं नाही. दोन सकाळी ती कोपऱ्यावर कॅन उतरवून उभी राहिली, कोणी हाक मारते का म्हणून. तिसऱ्या दिवशी आली नाही.

तिच्या जागी फटफटीवरून येणारा दूधवाला लागला. त्याचं दूध थंडगार, फेसाचं नाव नाही, आणि नळी रोज तंतोतंत खुणेवर. तुम्ही रोज पाहून घ्यायचात आणि रोज तुमचा चेहरा खुलायचा. आईचा मात्र दिवसेंदिवस पडत गेला. ‘याच्या दुधावर साय धरत नाही. चहा काळा होते. आठ दिवसांची साय लावून लिंबाएवढं लोणी निघालं.’ तुम्ही म्हणायचात, नळी खोटं बोलत नाही. ‘मग काय माझं लोणी खोटं बोलून राहिलं?’ एवढं म्हणून ती आत निघून जायची. पण तुमच्यासारख्या माणसाला एवढं पुरेसं होतं. बायकोच्या शब्दावर नाही, पण लोण्याच्या गोळ्यावर तुमचा विश्वास बसलाच असणार.

कारण एका शनिवारी मी सकाळची शाळा करून घरी आले तेव्हा आई कुठेतरी हळदीकुंकवाला गेली होती आणि तुम्ही स्वयंपाकघरात एकटे होतात. ओट्यावर एका वाटीत काढलेली साय, शेजारी साय काढून घेतलेलं दूध, त्यात नळी. नळी चांगली वर तरंगत होती, खूण दुधाच्याही वर. तुम्ही कपातून थोडं थोडं पाणी त्यात ओतत होतात. नळी हळूहळू खाली आली आणि बरोब्बर खुणेवर थांबली. साय काढा, पाणी घाला, आणि नळी म्हणते दूध शुद्ध आहे. तुम्ही कितीतरी वेळ तिच्याकडे पाहत उभे होतात. मग मी दारात दिसले. ‘काही नाही गं, चहा करून राहिलो,’ तुम्ही म्हणालात. गॅस बंद होता आणि चहाचा डबा फळीवरच होता.

पुढल्या आठवड्यात नळी फुटली. ‘हातातून सटकली,’ म्हणालात. ज्या माणसाच्या हातून एवढ्या वर्षांत एक कपबशी फुटली नव्हती, त्याच्या हातून सटकली. मग पाकिटाचं दूध सुरू झालं, ते मोजायचंही तुम्ही सोडून दिलंत, आणि मावशीचा विषय घरात पुन्हा निघाला नाही. तुम्ही गेल्यावर मी तुमची हमीपत्रांची पेटी आवरत होते. इस्त्रीचा कागद, पंख्याचा कागद, आणि त्यात ती लॅक्टोमीटरसोबत आलेली इंग्रजी सूचनांची चिठ्ठी. दूध थंड करून, फेस बसू देऊन मोजावे, या ओळीखाली लाल पेन्सिलची रेघ होती. तुमची रेघ मी ओळखते. जे आधी नजरेतून सुटलं आणि मागाहून सापडलं, त्याच्याखालीच तुम्ही ती मारायचात.

गेल्या महिन्यात मी वर्गात घनता शिकवत होते. मुलांनी घरून दूध आणलं होतं, बहुतेकांनी पाकिटाचंच. एकीची आजी उमरेड रोडच्या एका खेड्यात राहते. तिने पहाटेची धार काढून नातीसोबत डबा पाठवला होता, तो उबदार होता अजून. मुलीने तो दोन्ही हातांनी धरून माझ्या टेबलावर ठेवला. नळी सोडली आणि खूण बुडाली. सगळा वर्ग ओरडला, ‘पाणी! हिच्या आजीनं पाणी टाकलं!’ मुलगी एवढंच म्हणाली, ‘मॅडम, आजी नाही टाकत.’ तिच्या तोंडाकडे मला पाहवेना. मी सगळ्यांना गप्प केलं. एकच पेला तीनदा भरून तराजूवर ठेवला, आधी पाण्याने, मग तेलाने, मग सायीने. ‘यात दाट कोण?’ ‘साय!’ ‘मग जड कोण?’ पाणी जड निघालं. मग डबा मी थंड पाण्याच्या बादलीत ठेवला. कोमट दूध फुगलेलं असतं, तेवढंच वस्तुमान जास्त जागा अडवतं, निवलं की आक्रसतं, हे फळ्यावर लिहून होईतो तास संपत आला. पुन्हा नळी सोडली. अगदी खुणेवर नाही, पण तिच्या जवळ थांबली. वर्गाने टाळ्या वाजवल्या. त्या मुलीने वाजवल्या नाहीत. तिने डब्याचं झाकण लावलं आणि जागेवर जाऊन बसली.

त्या रविवारी मी हुडकेश्वरला गेले. आता तिथे प्लॉट पडले आहेत, गोठ्यांच्या जागी पार्किंग आहे. किराणा दुकानात विचारलं तर तो म्हणाला, ‘म्हशीवाली बुढी ना? त्या फ्लॅट स्कीमच्या मागं.’ मावशी ओसरीत मेथी निवडत बसली होती. पार वाळली आहे, पण नजर तीच. गल्ली सांगितली, नळी सांगितली. तिने हातातली काडी खाली ठेवली.

‘तू थ्या नळीवाल्या साहेबाची पोरगी.’

‘हो, मावशी.’

‘बस. चहा घेशीन?’

मी वाटेत घोकून ठेवलेलं एका दमात बोलून टाकलं. मावशी, तुमच्या दुधात पाणी नव्हतं. दूध कोमट होतं, साय जास्त होती, म्हणून नळी खाली गेली. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, ‘मले काय सांगून रायली? म्हशी माह्या, दूध माह्यं. मले माहीत नाही का?’ एवढं साधं माझ्या डोक्यात आलंच नव्हतं, की जिच्या निर्दोषपणाची बातमी मी घेऊन गेले होते तिला ती बातमी नव्हतीच. मग तिने सुनेला चहा टाकायला सांगितलं आणि सहज बोलावं तसं बोलली, ‘तुहे बाबा आलते ना.’

‘कुठे? इथे?’

‘हो वं. इथंच, गोठ्यापाशी उभे रायले. सायकलीवर आलते. म्हने, बाई, माही चूक झाली. नळी मले समजली नाही. म्या मनलं, साहेब, गल्लीत बोलले तं गल्लीत येऊन सांगा. तं मान खाली घातली. म्हने, ते नाही होत माह्याच्यानं. अन् म्हने, पोरीले माहीत नको होऊ देऊ. नळी तिनं वाचली, तिले लागन.’

‘मग?’

‘मंग काय. पानी पेले अन् गेले.’

मी हे ऐकलं आणि माझ्या मनात पहिलं काय आलं, सांगू? सायकल तर तुम्ही मी पाचवीत असतानाच विकली होती. म्हणजे म्हातारी खोटं बोलते आहे. आलेल्या पाहुणीला बरं वाटावं म्हणून रचून सांगते आहे. मग वाटलं, तुम्ही कुणाची तरी सायकल मागून नेली असाल, आपली स्कूटर तिकडे कोणी ओळखू नये म्हणून. हे मात्र अगदी तुमच्यासारखं आहे. मग वाटलं, ती दुसऱ्याच कुणाला तुम्ही समजत असेल. आठ दिवस मी हेच उलटसुलट करते आहे. तुम्ही गेला होतात असं धरलं तर मला रडू येतं आणि राग येतो. चारचौघांत त्या बाईला चोर म्हणालात आणि माफी मागायला मात्र गोठ्याची आडोशाची जागा बघितलीत. आणि गेलाच नव्हतात असं धरलं तर नुसता राग येतो. तरी मला तुम्ही तिथे गेलेले हवे आहात.

इथवर मी असं लिहीत आले की जणू सगळं मला गेल्या महिन्यात उमगलं. तुम्ही असता तर दुसऱ्या पानावरच मला पकडलं असतंत. वीस वर्षं घनता शिकवणाऱ्या बाईला हे आता कळलं? मला नववीत कळलं, बाबा. आमच्या बाईंनी एका पेल्यात पाणी, तेल आणि साय घातली आणि म्हणाल्या, वर येतं ते हलकं, दाट असो की पातळ. त्या दुपारी मला मावशीचं दूधही कळलं आणि तुमचा तो चहाही. घरी आले तर तुम्ही सिलिंडर ताणकाट्याला टांगून उभे होतात. ‘जरा आकडा वाच गं,’ म्हणालात. ‘तू वाचलं की मला पाहून घ्यावं लागत नाही.’ मी तोंड उघडलं होतं. तुम्हाला सांगायचं, आपण दोघं आताच्या आता हुडकेश्वरला जाऊ म्हणायचं, असं वाटेत ठरवलं होतं. पण त्या घरात तुम्ही आईचं पाहून घ्यायचात, शेजाऱ्यांचं घ्यायचात, डॉक्टरांचंही घ्यायचात. फक्त माझं नाही. तेवढा विश्वास मला सोडवला नाही. मी आकडा वाचला आणि आत गेले, आणि पुढे तुम्ही असेपर्यंत आत्ता सांगू, मग सांगू करत राहिले. तुमच्याबद्दल मी जे जे वर लिहिलं ते खरं असेल तर मग आपण दोघंही एकाच घरात, एकच गोष्ट एकमेकांपासून लपवून जेवत होतो.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही, नवऱ्यालाही दाखवणार नाही. पण एवढं लिहून ठेवते. त्या रविवारी मावशीने कपात चहा ओतला, माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाली, ‘तू तं लेकरू होती. तुले काय माहीत.’

मी म्हणाले, ‘हो ना, मावशी.’ आणि चहा प्यायले.